दारू, दारूखाना आणि तेरखेडा

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत ‘दारू’ या शब्दावर लेख पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडेल, याची प्रस्तुत लेखकास कल्पना आहे. समाजाच्या सभेत हा शब्द यावयाचा तर तो बंदीच्या ठरावातच यावा, अशी आपल्याकडील रीत आहे. आणि ज्या घरांनी त्या व्यसनाचे चटके सोसले, त्यांच्या दृष्टीने ती रीत योग्यच म्हटली पाहिजे. तथापि धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, सोलापूर–धुळे राजमार्गावर, तेरखेडा नावाचे जे गाव आहे, तेथील कितीतरी घरांची चूल याच शब्दाच्या आधारावर पेटते, आणि त्या धंद्यात पेल्याचा व बाटलीचा संबंध यत्किंचितही नाही. तेरखेड्याची दारू ही शोभेची दारू होय. दिवाळी, लग्नाची वरात, उरूस, पालखी, निवडणुकीचा गुलाल, या सर्व प्रसंगी मराठवाड्यात जे तोटे, सुतळी बॉम्ब आणि भुईनळे उडतात, त्यांत या गावचा वाटा मोठा आहे. (संत गोरोबाकाकांचे तेर, म्हणजे प्राचीन तगर नगर, ते निराळे. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातील असल्यामुळे परजिल्ह्यातील लोकांची गल्लत होते, म्हणून एवढा खुलासा.)

एकाच शब्दाने एका घरी अन्न यावे आणि दुसऱ्या घरचे अन्न जावे, हे कसे घडले? हे केवळ शब्दांचे कोडे नव्हे. त्यात इतिहास आहे, आणि थोडे पुढे गेल्यावर जिवाचा प्रश्नही आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. ‘दारू’ हा शब्द आपण फारसीतून घेतला, आणि फारसीत त्याचा अर्थ औषध एवढाच आहे. आजही तेहरानच्या रस्त्यात ‘दारूखाना’ अशी पाटी दिसली तर आत औषधे मिळतात. मुंबईस माझगाव व रे रोड यांच्या बाजूस जो दारूखाना आहे, तेथे मात्र औषधाची पुडी मागून चालावयाचे नाही. तोफांच्या दारूच्या साठ्यावरून त्या भागास हे नाव पडले, आणि पुढे ती जागा जुनी जहाजे फोडणाऱ्यांची आणि लोखंडाच्या भंगाराची झाली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यातील अठरा कारखान्यांच्या याद्या प्रसिद्ध आहेत. त्यांत तोफखाना, शरबतखाना, आबदारखाना यांच्याबरोबर दारूखानाही येतो. तेथे त्याचा अर्थ काय, याविषयी त्या काळच्या कोणा कारकुनास शंका पडली नसेल. आजच्या विद्यार्थ्याने मात्र ती यादी वाचली की त्याच्या ओठांवर हसू येते. शब्द तोच, ऐकणाऱ्याचा कान बदलला आहे.

फारसीतला औषधाचा अर्थ मराठीतून अगदीच गेला असे मात्र नाही. ‘दवादारू केली, पण गुण आला नाही’ असे आपण आजही म्हणतो, आणि म्हणताना त्यातील ‘दारू’ आपल्याला खटकत नाही. दवा अरबी, दारू फारसी. दोन्हींचा अर्थ एकच. कागदपत्र, बाजारहाट यांसारखे जोडशब्द आपल्या भाषेस आवडतात, त्यांतलाच हा एक. जुना अर्थ या जोडशब्दाच्या आडोशाला टिकून राहिला आहे.

आता मुख्य प्रश्न असा की, औषधाचे नाव तोफेच्या भुकटीस का मिळाले? यावर वाचकांनी थोडे थांबावे अशी विनंती आहे. कारण हा योगायोग एकट्या मराठीचा नाही. चिनी भाषेत या भुकटीस ‘हुओ-याओ’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ अग्नि-औषध असा होतो. डच भाषेत वनस्पतीच्या औषधास व बंदुकीच्या दारूस जे शब्द आहेत, ते मुळात एकच आहेत. आपल्या शेजारी पाहावे तर तमिळमध्ये ‘मरुंदु’ म्हणजे औषध, आणि फटाक्याची दारू म्हणजे ‘वेडिमरुंदु’. कन्नडमध्ये ‘मद्दु’ म्हणजे औषध आणि ‘मद्दुगुंडु’ म्हणजे दारूगोळा. तेलुगूत तर ‘मंदु’ या एका शब्दात औषध, मद्य व बंदुकीची दारू हे तिन्ही अर्थ मराठीप्रमाणेच एकत्र नांदतात, आणि ‘मंदुगुंडु’ हा शब्द आपल्या ‘दारूगोळा’ या शब्दाच्या साच्यातूनच काढल्यासारखा वाटतो. तेरखेडा ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत होते, त्यात मराठी, तेलुगू व कन्नड हे तिन्ही मुलूख एका छत्राखाली होते. तिन्ही भाषांतील गोलंदाजाने एकाच वस्तूस आपापल्या भाषेतील औषधाचे नाव द्यावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उर्दूने मात्र ‘बारूद’ हा शब्द वेगळा राखला आणि ‘दारू’ मद्यास दिली. त्यामुळे हिंदी बोलणाऱ्याची जी गल्लत होत नाही, ती मराठी माणसाची होते.

याचे कारण त्या भुकटीच्या जन्मात आहे. चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास रसायनसाधक अमरत्वाचे औषध शोधीत होते. गंधक, सोरा, पारा यांची मिश्रणे तापवून पाहणे हा त्यांचा नित्यक्रम होता. त्या खटपटीत अमृत हाती लागले नाही. दाढ्या व झोपड्या जाळणारी भुकटी मात्र हाती लागली. १०४४ साली संपादित झालेल्या एका चिनी युद्धग्रंथात तिची कृती लिहून ठेवलेली आढळते. आपल्याकडेही तिची द्रव्ये वैद्याच्याच फडताळातली होती. गंधक त्वचारोगावर दिला जातो; गंधक-रसायन वैद्यांस परिचित आहे. सोराखार लघवी साफ होण्यासाठी देत. राहिला कोळसा. म्हणजे ज्या गांधी-पसाऱ्याच्या दुकानातून आजारी माणसासाठी पुडी बांधून येई, त्याच दुकानातून तोफेचे सामान येई. दुकानदार कुटून, वस्त्रगाळ करून, तोलून देणार, आणि घेणाऱ्याने मात्रा चुकवता कामा नये. अशा वस्तूला ‘औषध’ याखेरीज दुसरे नाव सुचावे तरी कोणते?

कोळशावरून आणखी एक गंमत निघते. संस्कृतात ‘दारु’ म्हणजे लाकूड. देवदार हा देवांचा दारु. दारुहळद ही झुडपाच्या लाकडातून मिळणारी पिवळी वनौषधी, जिच्यापासून डोळ्यांवर लावण्याचे रसांजन करतात. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती लाकडाची, म्हणून तो दारुब्रह्म. २०१५ साली नवकलेवराच्या वेळी नवीन मूर्तींसाठी कडुनिंबाची झाडे शोधली गेली, तेव्हा उडिया वृत्तपत्रांतून ‘दारु’ हा शब्द घरोघरी गेला. कानाला सारखे लागणारे सर्वच शब्द सख्खे नसतात हे खरे. परंतु येथे नाते आहे असे भाषाशास्त्र सांगते. जुन्या इराणी भाषेत ‘दार’ म्हणजे झाड, आणि झाडपाल्यापासून होणारे ते ‘दारू’, म्हणजे औषध. तेव्हा संस्कृतातील लाकूड व फारसीतील औषध हे एकाच आजोबांचे दोन नातू ठरतात, आणि ते दोघे पुन्हा तोफेच्या नळीत भेटले. कारण लाकडाच्या कोळशावाचून दारू होत नाही, आणि कोळसाही वाटेल त्या लाकडाचा चालत नाही. शुक्रनीतीत ‘अग्निचूर्ण’ या नावाने तिची कृती आली आहे, तीत रुई व निवडुंग यांचा कोळसा सांगितला आहे. त्या ग्रंथातील बंदुकीची प्रकरणे फार उत्तरकालीन आहेत असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि ते मत पटण्यासारखे आहे. तरीपण हलक्या, भुसभुशीत लाकडाचा कोळसा दारूस उत्तम, हे कारागिराचे ज्ञान त्यात नोंदले गेले, हे महत्त्वाचे. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाअखेरचा उकार दीर्घ केल्यामुळे आता संस्कृत दारुही लिहिताना ‘दारू’ होतो. ‘दारुहळद’ लिहिताना तेवढा तो ऱ्हस्व राहतो. म्हणजे दोघे भाऊ आता दिसण्यातही सारखे झाले.

आपल्या जिल्ह्याचा या वस्तूशी संबंध फटाक्यांपासून सुरू होतो असे समजू नये. १५४९ साली अहमदनगर येथे ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली ती तेथून विजापुरास नेण्यात आली. हे सर्वश्रुत आहे. इतक्या मोठ्या तोफेच्या पोटास किती दारू लागत असेल, आणि ती दळणारे, वाळवणारे, पोत्यांतून वाहणारे हात कोणाचे असतील, याचा विचार मात्र तोफेचे वर्णन करणारे करीत नाहीत. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा नवा सुलतान याच परंड्यास गादीवर बसविला होता. त्याच मलिक अंबरच्या मुलाचे लग्न विजापूरच्या एका दरबारी सरदाराच्या मुलीशी झाले, तेव्हा, १६०९ साली, इब्राहिम आदिलशहाने केवळ शोभेच्या दारूवर ऐंशी हजार रुपये खर्च केले. युद्धाची दारू आणि लग्नाची दारू अशा जवळजवळ राहत आल्या आहेत. लढाई नसली की दारूखान्याच्या कारागिरास वरातीचे काम, आणि वरात नसली की तोफेचे.

शोभेच्या दारूचा हिंदुस्थानातील इतिहास भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी मोठ्या कष्टाने जुळवला व १९५३ साली प्रसिद्ध केला. विजयनगरास १४४३ साली आलेल्या अब्दुर रझाक या इराणी वकिलाने महानवमीची आतषबाजी पाहिली, येथपासून त्यांनी धागा धरला आहे. आपल्याला विशेष जवळचे म्हणजे नाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या या काव्यात कृष्णाच्या लग्नात शोभेच्या दारूचे नाना प्रकार उडतात. द्वापारातील लग्नात बाण आणि फुलबाज्या कोठून आल्या, असे नाथांना कोणी विचारले नाही. गोदाकाठच्या श्रोत्यास लग्न म्हटले की दारू उडालीच पाहिजे, एवढे त्या काळी ते रूढ झाले होते. पेशव्यांच्या बखरीत कोट्याच्या दिवाळीचे वर्णन महादजी शिंद्यांच्या तोंडी आहे. तेथे दारूची लंका रचून हनुमंताकडून ती जाळवीत असत. ते ऐकून सवाई माधवरावांस तसाच खेळ पाहण्याची इच्छा झाली, आणि पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी तो करण्यात आला.

परंतु या कौतुकाच्या जोडीला भीतीही पहिल्यापासून होती. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे. त्यात गडावरील दारूखान्याविषयी जी आज्ञा आहे, ती आजच्या कोणत्याही कारखानदाराने वाचावी. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. त्यास तळघर असावे. तळास गच्ची करून त्यावर माच घालावा. दारू भांड्यांतून ठेवावी, ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण, होके बाहेर काढवून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा त्याचा आशय आहे. ही आज्ञा कोणाच्या कल्पनेतून आलेली नाही. कोठारे उडाल्याच्या अनुभवातून ती आली असली पाहिजे. ती सर्वत्र पाळली गेली असेही नाही. सिंहगडावरच्या दारूच्या कोठारावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी वीज पडली, तेव्हा गडाच्या फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले व त्यातील सर्व माणसे मेली. ते कोठार आजही गडावर उभे आहे. दही-पिठले खाण्यास जाणारी मंडळी त्याच्या बाजूने जातात.

मद्याच्या अर्थाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो सर्वांस ठाऊक आहे. भट्टीवर काढलेला अर्क आरंभी औषधाच्या नावाने घरात येतो व पुढे नाव तेच ठेवून काम बदलतो, हा क्रम जगभर दिसतो. आपल्या आसव-अरिष्टांतही मद्यांश असतोच. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात मद्य व बंदुकीची दारू असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मद्याच्या अर्थाने बाकीच्यांस मागे रेटले. तोफा-बंदुका सरकारजमा झाल्या, काडतुसे कारखान्यांतून तयार येऊ लागली, आणि दुसरीकडे अबकारीचे उत्पन्न वाढावे म्हणून गुत्ते वाढले. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती याच काळातली.

कायद्याची हकीकत मात्र सांगितली पाहिजे. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. त्यात ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद होती की मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव पदार्थ तीत बसे. त्यामुळे औषधी व अत्तरेही अडकली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. बलसारा यांच्या खटल्यात २५ मे १९५१ रोजी न्यायालयाने कायदा मुख्यतः कायम ठेवला, परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरील बंदी रद्द केली. दारूतून दवा बाजूला काढावयास देशाच्या श्रेष्ठ न्यायासनास बसावे लागले! शब्दाने हजार वर्षे जे एकत्र ठेवले, ते कायद्यास एका कलमात तोडता आले नाही.

नावांचीही अशीच फरफट झाली आहे. पुण्याच्या जुन्या पेठेतील दारूवाला पूल हा शोभेची दारू करणाऱ्यांच्या वस्तीवरून ओळखला गेला, असे जाणते लोक सांगतात. नवखा मनुष्य तेथे गुत्ता शोधतो. पारशांत दारूखानावाला हे आडनाव आहे आणि ते त्यांनी अभिमानाने राखले आहे. आपल्याकडील ज्या घराण्यांच्या नावात वा पदवीत हा शब्द आहे, त्यांनी तो लाजेखातर टाकू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. बारा बलुत्यांच्या यादीत या कारागिरास स्थान नव्हते. गावाने त्याला वतन दिले नाही, घुगरी दिली नाही. नाव तेवढे मिळाले होते.

आता पुन्हा तेरखेड्याकडे वळू. सरकारी कागदात या धंद्यासाठी ‘दारू’ हा शब्द नाही. तेथे १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा, २००८ चे नियम, आणि नागपुरास मुख्य कचेरी असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना आहे. कारागिराच्या तोंडी मात्र शब्द जुनाच राहिला, आणि येथेच खरी अडचण आहे. आज तो ज्यास दारू म्हणतो, ती आज्ञापत्रातील दारू नव्हे. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू ठिणगीस भिते, परंतु घासण्याचे ती बरेच सोसते. कानठळ्या बसविणाऱ्या आजच्या फटाक्यात ॲल्युमिनियमची बारीक भुकटी असते. हे पांढुरके मिश्रण घर्षणाने, धक्क्याने, कोरड्या हवेत अंगावरील कपड्याच्या विजेनेसुद्धा पेटू शकते, आणि ते जळत नाही, एकदम फुटते. क्लोरेट व गंधक यांचे मिश्रण तर इतके तापट की १९९२ साली केंद्र सरकारने त्यावर बंदीच घातली. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बेरियमच्या क्षारांवरही बंदी घातली, ती हवेच्या प्रदूषणाच्या कारणाने.

आजोबांनी काळ्या दारूत हात घालून चाळीस वर्षे काम केले व त्यांस काही झाले नाही, म्हणून नातू त्याच धिटाईने पांढऱ्या मिश्रणात हात घालतो. दोन्हींचे नाव एकच असल्यामुळे जुना अनुभव नव्या वस्तूस लागू पडतो असे त्यास वाटते. फटाक्यांच्या कारखान्यांतील स्फोटांच्या बातम्या आपण वाचतो. तेरखेड्याच्या परिसरातूनही त्या येत आल्या आहेत. मृतांत बहुधा रोजंदारीवरील स्त्री-पुरुष असतात. चौकशीत परवाना, साठा आणि अंतर यांची मोजमापे निघतात. शब्दाचा विचार अर्थातच कोणी करीत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्या मिश्रणाचा स्वभाव निराळा आहे, त्याचे नावही कामाच्या जागी निराळे असावे. काळी दारू व पांढरी दारू असे म्हटले तरी पुरे. नव्या माणसास पहिल्या दिवशी हा भेद सांगितला जावा, आणि दोन्हींची भांडी, चाळण्या व खोल्या वेगळ्या असाव्यात.

यासाठी एक काम आपल्या तरुणांनी हाती घ्यावे. दारूकामातील जुने शब्द जाणणारी माणसे आता थोडी उरली आहेत. कोणत्या झाडाचा कोळसा कशास, मिश्रण तयार झाले हे बोटाला कसे कळते, ओल धरलेली दारू कशी ओळखावी, कोणत्या महिन्यात कोणते काम करू नये, याविषयी त्यांच्याकडे जे बोल आहेत, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत. घरांत जुने परवाने, वरातीच्या कामाच्या चिठ्ठ्या, संस्थानच्या काळातील उर्दू कागद असतील, तर त्यांच्या नकला काढाव्यात. पुढील वर्षाच्या अंकात त्यांतील निवडक मजकूर छापण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे. मजकूर पाठविताना गाव, सांगणाऱ्याचे वय आणि त्याने हे काम किती वर्षे केले, एवढे अवश्य लिहावे.